भंडाऱ्यावरचा शब्द

त्या फाल्गुनात माझ्या जपाची चव गेली होती. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. माळ बोटांमधून सरकत होती, ओठ हलत होते, समईच्या तेलाचा मंद वास देवघरात भरून राहत होता, आणि तरीही दत्तमहाराजांचे नाव जिभेवर धुतलेल्या तांदळासारखे पांढरे, बेचव पडून राही. पस्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. कवितेच्या एकेका ओळीसाठी तासन्‌तास जीव टाकला. त्यामुळे प्रार्थनासुद्धा मी सुंदरच करत असे; शब्द निवडून, यमकाचा तोल सांभाळून. निवृत्तीनंतर मात्र एक शंका मनात घर करून बसली. हे सगळे मी देवाला ऐकवते आहे की स्वतःलाच? कोणाला सांगण्यासारखे ते दुःख नव्हते. घरात सारे ठीक होते, प्रकृती ठीक होती. पण विहिरीत घागर सोडावी आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसे काहीसे झाले होते.

म्हणून मी एक नेम धरला. डोंबिवलीहून दर रविवारी खडवलीला जायचे, भातसा नदीच्या काठी चिंचेखाली जे लहानसे दत्तमंदिर आहे तिथे बसून पोथीचा एक अध्याय वाचायचा. सात रविवार. चौथ्या रविवारी मंदिराकडे जाणारी पायवाट मला मेंढ्यांनी भरलेली दिसली.

भाताची कापणी होऊन महिने लोटले होते. रिकाम्या खाचरांमध्ये धनगरांचा वाडा उतरला होता, म्हणजे चारपाच कुटुंबांचा फिरता मुक्काम. दिवाळीनंतर ही माणसे माळशेज घाट उतरून इकडे येतात, पावसाच्या आधी पुन्हा वर जातात. शेतकरी आपल्या शेतात त्यांची मेंढरे बसवतो, कारण लेंडीखताने जमीन सुधारते. दोन दिवस एका शेतात, तीन दिवस दुसऱ्या. ओल्या लोकरीचा उग्र वास, चुलीवरच्या भाकरीचा खरपूस धूर आणि जाळीच्या आत कोंडलेल्या कोकरांची बारीक, कोवळी हाक यांनी ती सकाळ भरून गेली होती. मी पोथी काखेत धरून तशीच उभी राहिले.

सगुणा मला तिथेच भेटली. विशीतली असावी. हिरव्या लुगड्याचा काचा मारलेला, पोट आठव्या महिन्याचे, आणि त्या पोटाला टेकवून एक कोकरू हातात. पायांकडे माझे लक्ष गेले. चांदीचे वाळे घोट्यात रुतून बसले होते.

"पाय सुजलेत का गं?" मी विचारले.

"चालून चालून सुजत्यात. बसलं की उतरत्यात." मग हसून म्हणाली, "बसायला गावतंय कुठं?"

बोलता बोलता कळले की हे तिसरे बाळंतपण. आधीची दोन मुले जगली नव्हती. एक वाटेतच गेले, दुसरे पोटातच. या खेपेला ती स्वतःहून दोनदा दवाखान्याची पायरी चढली होती. दुसऱ्या वेळी नर्सने दाब तेवढा मोजून कार्डावर लिहिला, पण दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले: गरोदर बायांची तपासणी गुरुवारी असते, गुरुवारी या. नाव मूळ गावच्या यादीत, अंगणवाडी तिकडची, आणि बाई इकडच्या शेतात.

"गुरुवारी या म्हणत्यात," ती म्हणाली. "गुरुवारी आमी कुठं असतो ते मेंढरांनाच ठावं."

गुरुवार हा माझ्या देवाचा वार. ते वाक्य मला कुठेतरी टोचले, पण मी पुढे निघून गेले. आज कबूल करते, त्या वेळी माझे कान दुसऱ्याच गोष्टीसाठी टवकारले होते. सगुणा बोलता बोलता म्हणाली होती, "भर दुपारी बी डोळ्यापुढं काजवे नाचत्यात, बाई. पांढरे पांढरे. डोकं धरून बसलं की मग जात्यात." भर दुपारचे काजवे! मंदिरात जाऊन मी आधी वही काढली आणि ती ओळ उतरवून घेतली. मग पोथी उघडली.

परतताना तिने मला आपले कार्ड दाखवले. आईच्या आणि बाळाच्या तपासण्या लिहायचे सरकारी कार्ड. देवाच्या पेटीत, बिरोबाच्या टाकाशेजारी, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेले. घड्यांवर फाटलेले, घामाने शाई पसरलेली. शिक्षकी हात शिवशिवले. मी म्हटले, "दे माझ्याकडे. नीट चिकटवून आणते, प्लास्टिकमध्ये घालून. बुधवारी इथेच असाल ना?"

तिने एकदा कार्डाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "परत द्याल न्हवं?"

"अगं, म्हणजे काय!"

तिने मान हलवली. बुधवारी आपण त्या शेतात नसणार हे तिला तेव्हाही ठाऊक होते. पुढे तिने सांगितले, "तुमचं तोंड बघून न्हाई म्हणवेना." चालत्या माणसांना बुधवारचा वायदा आणि त्यांचा एकमेव कागद पिशवीत, अशी चूक चार भिंतींच्या घरात जन्म काढलेले माणूसच करू शकते.

सोमवारभर मी ते कार्ड भिंगाखाली धरून पारदर्शक पट्टीने सांधत बसले. शेवटच्या ओळीतले आकडे पुसट होते. मंगळवारी सकाळी ते घेऊन मी मानपाड्याला एका डॉक्टरणीकडे गेले. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्त्रियांच्या आजारांची तज्ज्ञ. आकडे वाचून घ्यावेत, एवढेच मनात होते. कौतुकाने मी तिला ती काजव्यांची ओळसुद्धा ऐकवली. अजूनही माझे गाल त्या आठवणीने तापतात.

तिने हातातले पेन खाली ठेवले.

"बाई, ही कविता नाहीये," ती म्हणाली. "बीपी बघा, दीडशेच्या वर आहे. तेही तीन आठवड्यांपूर्वीचं. पाय सुजलेत, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय. तिला कधीही झटके येऊ शकतात. मग ती पण जाईल आणि बाळ पण. कुठे आहे ती आत्ता?"

"खडवलीला. शेतात."

"कुठल्या शेतात?"

शेताच्या मालकाचे नाव मी विचारलेच नव्हते. "फोन नंबर?" तोही मी घेतला नव्हता. वाड्यातले मोजके फोन पुरुषांकडे, आणि पुरुष कळपामागे रानात. डॉक्टरीण रागावली नाही, त्याचेच मला जास्त लागले. "मी ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये बोलून ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही तिला शोधा. आजच."

त्या पायऱ्या उतरताना माझ्यात काहीतरी ताठ झाले. भीती होतीच, पण तिच्या तळाशी एक टणक, शांत गोष्ट होती. सापडेपर्यंत घरी परतायचे नाही. देवाशी मी वाटेत एक शब्दही बोलले नाही.

खडवलीला पोहोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. शेत रिकामे होते. तीन दगडांच्या चुलीतली राख, सर्वत्र काळ्या लेंड्या, कुंपणाच्या काट्याला अडकलेली लोकरीची एक बट. शेजारच्या खाचरात पाहिले, त्याच्या पलीकडच्यात पाहिले. दोघातिघांना विचारले, कोणी पूर्वेला बोट केले, कोणी नदीकडे. रुग्णवाहिकेसाठी फोन केला तर पलीकडून रास्त प्रश्न आला: पत्ता काय, जवळची खूण काय? फुललेली काटेसावर आणि चार खाचरे याखेरीज मला काय सांगता येणार होते? मंदिराच्या ओट्यावर येऊन बसले. नाव घ्यायला गेले, ते येईना. डोळे मिटले आणि फक्त एवढेच मनात आले की माझ्याकडे आता एकही चांगले वाक्य उरलेले नाही. तुझे तू बघ.

"काय गो बाय, उनान अशी कं बसलीस? चक्कर आली कं?"

डोक्यावर कोथिंबिरीच्या जुड्यांची पाटी, गुडघ्यापर्यंत नेसलेले लाल लुगडे, नाकात मोठी नथ. त्या ओल्या कोथिंबिरीचा थंड, हिरवा वास आधी माझ्यापर्यंत आला, मग ती. मी धनगरांचा वाडा विचारला.

"ते ना? ते कालच उठलं. घाटाकरं निंगाले व्हते," ती म्हणाली. "पन लांब नाय गेलं. त्यांची देवाची घोरी नदीपल्यार बसली ती उठतच नाय. तवा आमचेच शेतान हायेत. चल, मना तिकरंच जावाचा हाय."

ती पुढे, मी मागे. गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडली. पाण्याखालचे दगड शेवाळाने गुळगुळीत होते. मी दोनदा घसरले, तेव्हा तिने मागे न बघता एक हात मागे धरला आणि मी तो पकडला. भाजीच्या पाण्याने ओला, खरखरीत हात. तिचे नाव जनाबाय. बाकी ती वाटेत कोथिंबिरीच्या पडलेल्या भावाबद्दलच बोलत होती.

वाडा दिसला. पांढरी घोडी पिंपळाखाली पाय मुडपून बसली होती. तिच्या पाठीवरून उतरवलेली देवाची पेटी शेजारी ठेवून तिच्यापुढे ऊद जाळला होता. ज्या घोडीवर देव बसतो ती सर्वांच्या पुढे चालते. ती उठत नाही तोवर वाडा हलत नाही, असा त्यांचा रिवाज. सगुणा एका पालाच्या सावलीला आडवी होती, डोळ्यांवर पदर घेऊन. मी तो बाजूला केला. चेहरा फुगलेला, ओठ कोरडे.

"काजवे?" मी विचारले.

"कालपासून जातच न्हाईत, बाई."

तिची सासू धोंडाबाई पुढे आली. पन्नाशीची उंच बाई, कपाळ भंडाऱ्याने, हळदीच्या पुडीने माखलेले. मी कार्ड पुढे केले, डॉक्टर काय म्हणाली ते सांगितले, आजच्या आज ठाण्याला न्यायला हवे म्हटले. तिने सगळे ऐकून घेतले.

"परवा कागद घेऊन गेल्या, बाई. आज माणूस बी न्यायला आल्या का?"

"तुमचा राग बरोबर आहे, धोंडाबाई. पण हिचा जीव धोक्यात आहे."

"जीव कुणाचा धोक्यात नसतो? वाडा हलला की बाई मागं ऱ्हात न्हाई. एकीला दवाखान्यात टाकलं की तिच्यासंगं दुसरी बसावी लागती. मागल्या खेपेला तसंच म्हणाले, कुणीतरी थांबा. कोण थांबणार? चाळीस कोकरं कोण बघंल? तुमी?"

तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. तो त्या मुलखाचा हिशेब होता आणि त्यात तिची दोन नातवंडे आधीच वजा झाली होती. इतका वेळ मी दवाखाना हीच एक वाट समजत होते. त्या वाटेवर किती दारे आहेत आणि प्रत्येक दारावर कोण उभे असते, ते तिच्या त्या एका प्रश्नाने मला कळले.

"कोकरे मला सांभाळता येणार नाहीत," मी म्हणाले. "पण हिच्याजवळ मी बसेन. रात्रंदिवस. सुट्टी होईपर्यंत."

"तुमी कोण तिच्या?"

उत्तराची वाट न बघता धोंडाबाई पेटीकडे गेली. पितळी ताटलीत भंडारा ओतला, वर बेलाचे पान ठेवले आणि ताटली माझ्यापुढे धरली. "आमच्यात शब्द भंडाऱ्यावर असतो. उचला. म्हणा, हिला जित्ती माघारी आणीन."

सगळा वाडा बघत होता. कोकरांची हाक चालूच होती. मी चिमूट उचलली. हळदीचा उबदार, मातकट वास चवीसारखा घशापर्यंत उतरला. हो म्हणणे किती सोपे होते! शब्द तर माझ्याकडे आयुष्यभर तयारच असत. पण ती चिमूट बोटांत धरून खोटे बोलता येईना.

"जिवंत आणीन असे मला म्हणता येणार नाही," मी म्हणाले. "ते माझ्या हातात नाही. हिला एकटीला सोडणार नाही, एवढे म्हणते. जे होईल ते होईपर्यंत हिचा हात माझ्या हातात असेल."

धोंडाबाईने उरलेला भंडारा माझ्या कपाळावर ओढला, इतक्या जोराने की माझी मान मागे गेली.

"फसवायचं असतं तर सोपं बोलली असती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "ऊठ गं सगुणे. जा."

जनाबायच्या दिराचा भाजीचा टेम्पो होता. कोथिंबिरीच्या रिकाम्या पाट्यांमध्ये गोधडी अंथरून सगुणाला निजवले. टिटवाळा, आंबिवली, कल्याण अशी गावे मागे पडत गेली आणि सगुणाचे डोके माझ्या मांडीवर तापलेल्या तव्यासारखे होते. ठाण्याला नोंदणीच्या खिडकीपाशी पुन्हा तेच प्रश्न. पत्ता? मी माझ्या घराचा सांगितला. पेशंटशी नाते? माझे कपाळ आणि बोटे पिवळी होती. खिडकीपलीकडच्या बाईने वर पाहिले, हातातला कागद फिरवला आणि म्हणाली, "मावशी लिहिते. मावशी कुणालाही चालते." आत डॉक्टरांनी कार्ड मागितले, सांधलेल्या रेघांवरून बोट फिरवले आणि एका नजरेत सगळे ओळखले. माझ्या विद्यार्थिनीने बोलून ठेवले होतेच, आणि ती स्वतःही तिथे आली होती.

दोन दिवस तिला झटके येऊ नयेत म्हणून औषधे चालू होती. दाब उतरे, पुन्हा चढे. मी हात सोडला नाही. त्या हाताला लोकरीचा आणि शेणाचा वास होता आणि हळूहळू तो माझ्याही हाताला आला. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी सांगितले की आता थांबता येणार नाही. तिला आत नेताना दारापाशी हात सोडावाच लागला. सगुणा म्हणाली, "तुमचा शब्द मोडला म्हणा की, बाई!" आणि हसली. मी दाराला तळवा टेकवून उभी राहिले. तिच्यासाठी काय मागावे हे मला सुचले नाही. मी काहीच मागितले नाही. फक्त उभी राहिले, आणि त्या उभे राहण्यात मला जाणवले की ज्या विहिरीत इतके दिवस घागर सोडत होते, तिच्यात मीच उतरले आहे आणि पाणी गळ्यापर्यंत आहे.

मग एक अगदी बारीक आवाज आला. जाळीमागच्या कोकरासारखा.

मुलगी झाली. वजन कमी, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवले. संध्याकाळी सगुणाला पूर्ण भान आले. तिने आधी मुलीचे विचारले, मग काजवे गेल्याचे सांगितले आणि मग म्हणाली, "आज वार कोणता?"

"गुरुवार."

ती छताकडे बघून म्हणाली, "गावला म्हणायचा एकदाचा."

तीन आठवड्यांनी मी दोघींना घेऊन खडवलीला गेले. वाडा अजून नदीपल्याडच होता. जो वाडा कोणासाठी थांबत नाही, तो थांबला होता. घोडी तर तिसऱ्या दिवशीच उठली होती. "खुरात काटा व्हता, काढला," धोंडाबाई म्हणाली. "काटा कुणी टोचला ते बिरोबाला ठावं." तरीही ते निघाले नाहीत. जनाबायने आपले शेत संपल्यावर जावेचे दिले, मग चुलत सासऱ्याचे. मी तिच्यासाठी खण-नारळ नेला होता. तिची ओटी भरून पायांवर डोके ठेवायला वाकले तर ती खळखळून हसत मागे सरली. "मी कं देवी हाय कं? नारल ने तुझ्या देवाला. मेंढरा बसली तं आमचा भात जोर करतो. मना काय तोटा?" मी आग्रह करून नारळ तिच्या पाटीत ठेवलाच. देव असाच हसत असेल तर मला चालेल.

धोंडाबाईने नात हातात घेतली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि माझ्या कपाळावरून ओला हात फिरवला. "शब्द उतरला, बाई. मोकळ्या झाल्या."

मोकळी मी झाले नाही, आणि व्हायचेही नाही. बाळाच्या लसींच्या तारखा कार्डावर लिहिताना मी धोंडाबाईला घाटापर्यंतचे सगळे मुक्काम विचारून घेतले. तिने ते बोटांच्या पेरांवर मोजत सांगितले, मी माळ ओढते तसे. आता रोज सकाळी जप झाला की मी त्यातल्या पुढच्या गावी तिथल्या आरोग्यसेविकेला फोन करते. मुरबाडला केला, टोकावड्याला केला. अमुक शेतात वाडा उतरणार आहे, त्यात एक तान्ही मुलगी आहे, दोन बाया पोटुशा आहेत. गुरुवारची वाट न बघता जाल का? कोणी हो म्हणते, कोणी त्रासून फोन ठेवते. मी पुन्हा करते. डॉक्टरीण महिन्यातून एकदा स्वतः वाड्यावर जाऊन येते, आणि पुढच्या दिवाळीनंतर वाडे उतरतील तेव्हा आम्ही दोघी नदीकाठी असणार आहोत.

माझे उरलेले तीन रविवार त्या नदीकाठी पूर्ण झाले. काय घडले याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. घोडीच्या खुरातला काटा, माझ्या पिशवीतले कार्ड, कोथिंबिरीची पाटी घेऊन निघालेली एक बाई. माझी चूकसुद्धा देवाने वाया जाऊ दिली नाही, एवढे मात्र मला कळते. मी शरणागती म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे समजत होते. ती तशी नाही. ज्याचा शेवट आपल्या हाती नाही अशा कामाला दोन्ही हातांनी धरणे, आणि खोटे आश्वासन न देता धरून ठेवणे, एवढेच तिचे मागणे असते.

देवघरात समईशेजारी आता एका वाटीत थोडा भंडारा असतो. जपाला बसण्याआधी मी त्याची चिमूट जिभेवर ठेवते. नावाला पुन्हा चव आली आहे. थोडी कडवट, थोडी मातीची.